‘बुडते की तरंगते’ संच : टब चांगला, कार्ड चुकीचं

सांगलीत गावभागातल्या एका दुकानातून नातीसाठी हा संच आणला, 420 रुपयांना. पारदर्शक टब, बारा वस्तू आणि चित्रांचं एक कार्ड. मी तेवीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळं डबा उघडल्यावर आधी कार्डच वाचलं. ठळक अक्षरात छापलंय, ‘जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात.’ कपाळाला हात लावला.

नात साडेपाच वर्षांची. तिनं संचातली गोटी टाकली, बुडाली. मग मी देवापुढचा नारळ तिच्या हातात दिला. “आज्जी, हा बुडणारच, केवढा जड आहे!” सोडला तर आडवा होऊन डुलायला लागला. तिनं दोनदा दाबून तळाला नेला, दोन्ही वेळा उसळून वर आला आणि माझी साडी भिजली. मग एका हातात गोटी, दुसऱ्यात नारळ घेऊन ती बराच वेळ गप्प बसली. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते ते तिच्याहून जड भरलं तर ती तरंगते, हे तिला एवढ्यात सांगायची मला काही घाई नाही.

संचात खरी कामाची चीज म्हणजे रंगीत मातीची वडी. गोळा केला की बुडते, थापून कडा उचलल्या की तरंगते. त्या वाटीत एकेक शेंगदाणा टाकत गेलो. एकोणिसाव्याला काठावरून पाणी शिरलं. तेवढ्यात तिच्या बाबानं, पुरात गुऱ्हाळाची लोखंडी काहील होडीसारखी कशी चालवतात, ते सांगितलं.

लाकडी ठोकळा दुसऱ्याच दिवशी फुगला, रंगही सुटला. दुकानात दाखवला तर म्हणाले, “पाण्यात कशाला ठेवला?” आता यावर काय बोलणार! पाचापैकी तीन तारे, तेही टबाचे आणि मातीचे.

घरात लहान बाळ असेल तर गोट्या आधी काढून ठेवा. आणि द्राक्षांच्या दिवसांत पेलाभर पाण्यात एक द्राक्ष टाकून बघा. तळाला जाईल. मग थोडंथोडं मीठ घालून ढवळत राहा, वर येतं. कार्डावर याचं नाव नाही. कार्ड मी रद्दीत टाकलं. काल कांदा झाला, आज बटाट्याची पाळी आहे.