मुंबईतच थांबू की गोव्याकडून खेळू?

शेजारचा पोरगा विचारत होता, अंडर-२३ संपलं, आता काय.

चान्स बघ आधी. मुंबईकडे ४२ रणजी ट्रॉफ्या, टीमबाहेरची रांगही तशीच, पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या चिखलात रन्स काढत कित्येक जण तिशीला टेकतात. अर्जुन तेंडुलकर गोव्याला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्याच रणजी मॅचला पर्वरीत राजस्थानला १२० ठोकले. पण दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना टीममध्ये जागा तीनच रे, नाव असेल त्यालाच आधी विचारतात.

पैशात २०२१ च्या दरानं नवख्याला मॅचच्या दिवसाला ४०,०००, बाकावर बसलास तर निम्मे, मग टीम कुठलीही असो.

प्रॅक्टिस मात्र मुंबईचीच, नेटमध्ये समोर कधी इंडियाचा बोलर असतो.

एकोणीस-वीसचा बॅट्समन असेल तर थांबावं. तेविशी ओलांडलेल्या ऑलराउंडरने मुंबईकडून एनओसी, म्हणजे दुसरीकडे खेळायची परवानगी, मागावी.