अंदमानसाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण: उन्हाळा, पावसाळा आणि हतनूर झाल्यावर

दुर्बीण घेतली ती अंदमानसाठी. जायचंय जानेवारीच्या शेवटी आणि मी ती मार्चमध्येच घेऊन बसले, म्हणून घरात सगळ्यांचा एकच सूर होता: एवढी घाई कशाला, निघायच्या आधी घेतली असती. भुसावळचा उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि जवळच्या हतनूर धरणावरच्या बदकांचा अर्धा हंगाम झाल्यावर आता माझं मत सांगते. सहलीच्या आठवडाभर आधी दुर्बीण घेणार असाल तर घेऊच नका, त्या पैशांत तिथे एक दिवस जास्त राहा. समुद्रावर ती अजून गेलेली नाही, त्यामुळे खाऱ्या हवेत तिचं काय होतं हे इथे वाचायला मिळणार नाही.

आधी वस्तूबद्दल. ८×४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), रूफ प्रिझम म्हणजे सरळ नळ्यांची, आत नायट्रोजन भरलेला, वॉटरप्रूफ. वजन पाऊण किलोच्या जरा खाली. किंमत पंधरा हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या मापाच्या कुठल्याही बऱ्या दुर्बिणीला लागू पडतं.

दुकानात आम्हाला १२×५० खपवायचा बराच प्रयत्न झाला. ‘ताई, बाराची घ्या, लांबचं दिसेल.’ लांबचं दिसतं हे खरं, पण हातही बारा पटीने थरथरतो. यांच्या एका मित्राकडे तशीच १२×५० आहे. हतनूरच्या बॅकवॉटरला एका मासेमार दादांच्या होडीत बसून आम्ही दोन्ही दुर्बिणी आलटूनपालटून लावल्या. होडी जेमतेम हलत होती, वाराही फारसा नव्हता. मोठ्या लालसरी बदकांचा एक थवा पाण्यावर बसला होता. बाराच्या दुर्बिणीत नुसती केशरी डोकी नाचताना दिसली. आठच्या दुर्बिणीत नराची लालभडक चोच, काळी छाती आणि चोचीवरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसलं. मित्राने त्यानंतर आपली दुर्बीण पिशवीतून काढली नाही. अंदमानात आमचा बराच वेळ बोटीवर जाणार आहे, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

दुसरं गणित उजेडाचं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे ४२ भागिले ८ केलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. १२×५० मध्ये तो चार मिलिमीटरच्या जरा वर राहतो. भर दुपारी काही फरक कळत नाही. संध्याकाळी झाडीत मात्र चांगलाच कळतो. पालच्या बाजूला, यावल अभयारण्याच्या कडेला, सूर्य डोंगराआड गेल्यावर नुसत्या डोळ्यांना जिथे काळोख वाटत होता तिथे दुर्बिणीतून फांदी अन् फांदी वेगळी दिसायची. (रानपिंगळा हे इथलं छोटं घुबड मला अजून दिसलेलं नाही. १८८४ नंतर ज्याची खात्रीची नोंद नव्हती, तो हा पक्षी १९९७ साली आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. जगभरातले पक्षीवाले त्यासाठी आपल्या सातपुड्यात येतात आणि आपण मात्र पक्षी बघायला बाहेर जातो, हे मला मान्य आहे.) अंदमानचं जंगल सदाहरित, म्हणजे दिवसाही गर्द. त्यात तिथे जानेवारीत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं, पण बेटं खूप पूर्वेला. आपल्याकडे थंडीत सातच्या सुमाराला उगवणारा सूर्य तिथे सहाच्या आसपास वर आलेला असतो.

चष्मेवाल्यांसाठी: यांना चष्मा आहे, मला नाही. डोळ्याजवळचे रबरी कप फिरवून खाली करता येतात, म्हणजे चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो. घेताना हे स्वतः चष्मा लावूनच तपासा. कडेने काळी चंद्रकोर दिसत असेल तर ती दुर्बीण तुमच्यासाठी नाही. उजव्या डोळ्याची वेगळी फिरकी एकदा नीट जुळवली आणि तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवला. दुर्बीण यांच्या हातून माझ्याकडे आली की ठिपक्यावर आणायची, संपलं.

आता सरावाबद्दल, कारण मार्चमध्ये घेतल्याचा खरा फायदा तोच झाला. पहिले काही आठवडे मला दुर्बिणीतून आकाश आणि पानं यांशिवाय काही सापडत नव्हतं. पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधायची, ती डोळ्याला लावायची, तोवर पक्षी गेलेला. उलटं करायचं असतं. नजर पक्ष्यावरून हलवायचीच नाही, दुर्बीण उचलून नजरेसमोर आणायची. हे गच्चीवर विजेच्या तारेवरच्या वेड्या राघूंवर शिकले. तो तारेवरून उडतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेकदा त्याच जागी परत येऊन बसतो, म्हणून नवख्याला फार सोयीचा. मग मोबाइल टॉवरवरची घार. मग हतनूरला नदी सुरय. पाण्यावरून जाता जाता हा पक्षी एकदम खाली सूर मारतो. पिवळी चोच पाण्यात शिरते ते पहिल्यांदा गोलात धरता आलं तेव्हा मी होडीत ओरडलेच, आणि चांदव्यांचा, म्हणजे त्या काळ्या पाणपक्ष्यांचा, सगळा घोळका पाण्यावर पाय आपटत लांब पळाला. मासेमार दादा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून मी पुढे तोंडाला पदर लावूनच बसले.

लोकांबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे गळ्यात दुर्बीण घातलेली बाई दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘काय पाही राह्यल्या ताई, मोजणी आली का?’ हायवे आणि भूसंपादन यांनी लोक पोळलेले आहेत, त्यांचं चुकत नाही. आता मी आधीच दुर्बीण त्यांच्या हातात देते. केळीच्या बागेतले एक आप्पा तर परत द्यायलाच तयार नव्हते. धरणाच्या दरवाज्यांकडे मात्र ती रोखायची नाही, वरणगाव आणि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसपास तर पिशवीतूनसुद्धा काढायची नाही. पोर्ट ब्लेअरलाही नौदल आणि हवाई तळ आहेत, तिथे हीच शिस्त लागेल.

तक्रारी आहेत. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, उजव्या डोळ्याचा कप सैल झाला आणि अंगठा टेकतो तिथलं रबर सुटायला लागलं. दुकानदाराने हात वर केले. सर्व्हिसवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने कुरिअर करायला सांगितलं आणि महिनाभर वस्तू अडकवून ठेवली. भिंगात खोट नाही, पण या किमतीला रबर टिकायला हवं होतं. सोबत आलेला पट्टा निव्वळ बिनकामाचा, तासाभरात मान धरते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस पट्टा वेगळा घ्या, वजन पाठीवर जातं. पुढच्या भिंगांची झाकणं लोंबत राहतात, मी ती काढूनच टाकली.

धूळ हा आपल्याकडचा मोठा शत्रू. एप्रिल-मेच्या वावटळीत बारीक रेती भिंगावर बसते आणि आपला हात सवयीने पदराकडे किंवा गमछाकडे जातो. तसं पुसलं की वरच्या लेपावर ओरखडे आलेच. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. पावसाळ्यात भिजली तेव्हा साध्या पाण्याने धुतली, काही झालं नाही. घरात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि अंदमान म्हणजे बाराही महिने दमट, म्हणून तोच डबा सोबत नेणार आहे.

आणि आता बेत. दुर्बीण यायच्या आधी आमच्याकडे एका एजंटाचा कागद होता: पाच रात्री, सहा दिवस, सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील, बाराटांग, सगळं काही. रोज सकाळी बॅग भरा, बोट पकडा. हतनूरला एकाच काठावर सकाळभर बसून जे दिसतं ते पाच काठांवर पंधरा-पंधरा मिनिटं थांबून दिसत नाही, हे कळल्यावर तो कागद मी बाजूला ठेवला.

सेल्युलर जेल राहिलंच. ते न बघता परत आलो तर सासूबाई घरात घेणार नाहीत. त्यांच्यासाठी अंदमान म्हणजे सावरकर, बाकी सगळं पाणी. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत, त्यासाठी एक संध्याकाळ ठेवली. पण मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच (२०२४ पासून श्री विजय पुरम) लांबवला. तिथून चिडिया टापूच्या जंगलाकडे पहाटे निघायचं. जोडीला माउंट हॅरिएट, ज्याचं नाव आता माउंट मणिपूर आहे. या जंगलांत अंदमानचा काळा सुतार आहे, कावळ्याएवढा. आपल्या सोनपाठी सुतारावर डोळा बसलेला असला तर त्याचं आकारमान लगेच जाणवेल. तिथला भारद्वाज तर अंगाने तपकिरी असतो. आपला काळ्याकुळकुळीत अंगाचा भारद्वाज कुंपणावर रोज बघणाऱ्याला त्यातली गंमत जास्त कळेल, म्हणून सध्या इथलेच पक्षी नीट बघून ठेवते आहे.

काही गोष्टी दुर्बीण कितीही चांगली असली तरी दिसणार नाहीत. नारकोंडमचा धनेश जगात फक्त त्या एका छोट्या बेटावर आहे आणि तिथे पर्यटकांना जाता येत नाही. निकोबारच्या बहुतेक बेटांवर आपल्यासारख्यांना परवान्याशिवाय जाता येत नाही. आणि बाराटांग मी स्वतः वगळलं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, फोटो काढणं गुन्हा आहे. ते सगळं ठीक, पण गळ्यात दुर्बीण घालून कुणाच्या घरातून जायचं मला पटेना. समुद्रमार्गे जाता येतं म्हणतात, आमच्या दिवसांत ते बसत नाही. उत्तरेकडची कासवांची विण तेवढी सुटते आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच तिचा काळ, त्यामुळे हे जरा सलतंय.

हॅवलॉक आणि नील यांपैकी फक्त नील, म्हणजे शहीद द्वीप ठेवलं. तिथला खडकाळ किनारा ओहोटीलाच मोकळा होतो आणि डबक्यांत काय काय राहतं ते तेव्हाच दिसतं. खान्देशातल्या माणसाला भरती-ओहोटी कुठून ठाऊक असणार, पण तिथी ठाऊक असते. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसं जास्त ओसरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार काही उघडं पडत नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पौर्णिमेला गोल केला आणि नीलचे दिवस तिथे बसवले. नेमकी वेळ मात्र तिथल्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्यावी लागते, ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. डबक्यांतल्या जिवांसाठीही दुर्बीण चालेल, कारण माझी दोन मीटरवर फोकस होते. दुकानात हे नक्की विचारा, बऱ्याच दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आत काही दाखवत नाहीत. शंख-प्रवाळ उचलून आणायचा विचारही नको. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

जायचा मार्ग आम्हाला सोपा आहे. अहमदाबादहून येणारी नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते, यांच्या रेल्वे पासवर तिकिटाचा प्रश्न नाही. पुढे विमान. चेन्नईहून जहाजही आहे, पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि तारखा आपल्या रजेशी जुळत नाहीत. दुर्बीण हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत नाही.

कुणी घ्यावी? ज्याला निघायच्या आधी निदान एक हिवाळा हतनूरला, अनेर धरणावर, नाहीतर गावच्या तळ्यावर घालवायचा आहे त्याने. दोघांत एक दुर्बीण पुरते असं मला आधी वाटायचं. थवा उठला की ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते, त्यामुळे घरात सध्या यावरूनच वाद आहेत. बारा वर्षांच्या मुलाला पाऊण किलो फार वेळ धरवत नाही. त्याच्यासाठी ८×३२ बघते आहे, अर्धा किलोच्या आतबाहेर. तो म्हणतो दहाची घे. घेणार नाही.