टाइमशेअर सदस्यत्व, तेनेरिफ: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी एक तारा. तोही पोर्तुगालमधल्या खोलीसाठी, सदस्यत्वासाठी नाही.

गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघं तेनेरिफला गेलो होतो. बेट स्पेनचं, पण नकाशात आफ्रिकेच्या शेजारी. तिथून येताना आठवण म्हणून काय आणलं, तर सुट्टीच्या पॉइंट्सचं ३६ महिन्यांचं सदस्यत्व, ८,९०० युरोंचं. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये सुट्टीला राहण्याचा हक्क आधीच पैसे भरून घेऊन ठेवायचा; आमचा पॉइंट्सच्या रूपात, ते वापरून तारखा मागायच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण वकिलाकडे आहे. एक आधीच सांगते: घरात हिशेब मी बघते आणि सही करायची घाईही मीच केली. नवऱ्याला बोल लावायला जागा नाही.

प्लाया दे लास अमेरिकासच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर एका मुलाने दोघांच्या हातात एकेक स्क्रॅच कार्ड ठेवलं. नवऱ्याच्या कार्डात टी-शर्ट निघाला. माझ्यात तीन चांदण्या. मुलगा डोळे विस्फारून बघतच राहिला, लगेच कोणाला तरी फोन लावला, "खरंच लागलंय!" म्हणून ओरडला. मग हळूच म्हणाला, की असं कार्ड निघालं की त्यालाही बोनस मिळतो, फक्त आम्ही रिसॉर्टवर जाऊन बक्षीस घ्यायला हवं, नव्वद मिनिटांचं काम. आम्ही टॅक्सीत बसलो ते बक्षिसासाठी नाहीच. त्या पोराचा बोनस बुडू नये म्हणून बसलो. आता कळतं, दोन कार्डांपैकी एक नेहमी टी-शर्टचंच असतं. दोन्हींत मोठं बक्षीस निघालं तर माणूस सावध होतो. आणि टॅक्सी त्यांनी केलेली, म्हणजे परत कधी निघायचं हेही त्यांच्याच हातात.

नव्वद मिनिटांचे साडेचार तास झाले.

मोठा हॉल, तीसेक टेबलं, संगीत इतकं मोठं की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते ऐकू येऊ नये. मधूनच बाटलीचं बूच उडायचं, टाळ्या वाजायच्या आणि माईकवरून "नव्या कुटुंबाचं" स्वागत व्हायचं. आमच्या टेबलावरच्या माणसाने पहिला तासभर विक्रीचा शब्दही काढला नाही. कुठे कुठे फिरलात, पुढे कुठे जायचंय, आईवडिलांना कधी नेलंत का, असलीच चौकशी. मग कागद ओढला आणि आमचा दरवर्षीचा हॉटेलखर्च विचारून लिहू लागला. आकडे तो उलटे लिहायचा, समोर बसलेल्या आम्हाला सुलटे दिसावेत म्हणून. सराव केल्याशिवाय हे जमत नाही, आणि मी ते कौतुकाने बघत बसले होते! वीस वर्षं, त्यावर महागाई, असं करत त्याने एक लाख युरोंच्या वरचा आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "हे तर तुम्ही घालवणारच आहात." खरं तर गुणाकारात चूक नव्हती. त्याच्या योजनेतही दरवर्षी पैसे भरायचे आहेत, तेवढं मात्र त्या कागदावर कुठेच नव्हतं.

पहिली किंमत २३,०००. आम्ही नाही म्हटल्यावर मॅनेजर आला, १४,५००. पुन्हा नाही म्हटल्यावर तिसराच माणूस, एका जोडप्याने परत केलेलं सदस्यत्व घेऊन, ८,९००, पण आजच. उद्या हीच किंमत का नाही, हे मी विचारलं होतं. उत्तर काय मिळालं ते आठवत नाही, म्हणजे मिळालं नसावं. नवरा स्वच्छतागृहाकडे निघाला तर टेबलवाला रस्ता दाखवायला दारापर्यंत सोबत गेला. साडेचार तासांत आम्हा दोघांना एकमेकांशी एकटं बोलायला दोन मिनिटंही मिळाली नाहीत. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण अशा खोलीत अडकलात तर आधी दोघं बाहेर जाऊन उभे राहा.

शेवटी आल्या एक शांत, चष्मा लावलेल्या बाई. त्यांच्याकडे बारीक चौकटींचा एक कागद होता. "पुनर्विक्रीचं आश्वासन कोणी दिलेलं नाही", "ही गुंतवणूक नाही हे मला समजलं आहे", अशी वाक्यं आणि प्रत्येकापुढे आमची आद्याक्षरं. टेबलावरच्या माणसाने तासभर जे जे तोंडी सांगितलं होतं, ते ते या बाईंनी आमच्याच हस्ताक्षरात पुसून घेतलं. मी तर त्यांना "किती पारदर्शक" म्हणाले.

तोंडी काय सांगितलं होतं? मालकी आणि गुंतवणूक. हे दोन शब्द वीसेक वेळा तरी ऐकले असतील. स्पेनच्या २०१२ च्या कायद्यात, कायदा क्रमांक ४/२०१२, अशा हक्काला मालकी हा शब्द असलेलं कोणतंही नाव द्यायला सरळ बंदी आहे. त्यामागचा युरोपीय निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा युरोपीय संघाचा नियम, जानेवारी २००९ चा, क्रमांक २००८/१२२. गुंतवणूक म्हणून हे विकायचं नाही आणि विक्रीच्या कार्यक्रमाला बोलावताना हेतू विक्रीचा आहे हे आमंत्रणातच स्पष्ट लिहायचं, असं तो म्हणतो. आमच्या कार्डावर फक्त चांदण्या होत्या.

त्याच दिवशी कार्डावरून १,८०० युरो घेतले. पावतीवर कंपनीचं नाव वेगळंच. विचारलं तर म्हणाले, आमच्या पैशांचं काम ते बघतात. याच नियमांनुसार करार झाल्यापासून १४ दिवस ग्राहकाला कारण न देता माघार घेता येते आणि तेवढ्या काळात विक्रेत्याने किंवा त्याच्या वतीने तिसऱ्या कोणीही एक पैसाही घ्यायचा नाही. अनामत नाही, कार्डावर रक्कम अडकवून ठेवणं नाही, देणं मान्य केल्याची सहीसुद्धा नाही. म्हणजे तो व्यवहार मशीनमध्ये कार्ड घातलं तेव्हाच बेकायदा होता, आणि आम्ही वर आभार मानून हस्तांदोलन केलं.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारा भाग. त्या १४ दिवसांतले पाच आमच्याकडे तिथेच, बेटावर होते. तिसऱ्या रात्री नवरा म्हणाला, "अगं, रद्द करूया का?" मी त्याच्यावर उखडले. तुला चांगलं काही बघवतच नाही, इथपर्यंत गेले. घरी आल्यावर नातेवाइकांना फोटो दाखवले, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ म्हणून आमंत्रणंही देऊन बसले. करार एकदाही उघडला नाही. उघडला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर मी फसले हे मला चार लोकांत म्हणावं लागलं असतं. विक्रेत्याला चौदाव्या दिवसापर्यंत काहीच करावं लागलं नाही. त्याची बाजू मीच लढवत होते.

प्रत्यक्ष वापराचं थोडक्यात. मे महिन्याची तारीख मागितली, नाही. सप्टेंबर, नाही. शेवटी अदलाबदलीतून, म्हणजे आपल्या हक्काच्या बदल्यात दुसऱ्याच रिसॉर्टमध्ये, नोव्हेंबरचा एक आठवडा पोर्तुगालमध्ये आल्गार्व्हला मिळाला, त्यासाठी १४५ युरो वेगळं शुल्क. खोली खरंच छान होती. स्वच्छ, दोन बाल्कन्या, स्वयंपाकघरात धारदार सुरी (हे भाड्याच्या घरात दुर्मिळ). तिसऱ्या दिवशी तलावाकाठी शेजारच्या खोलीतल्या बाईंशी ओळख झाली. त्यांनी तशीच खोली नेहमीच्या बुकिंग साइटवरून घेतली होती, आठवड्याचे ४८० युरो, सदस्यत्व वगैरे काही नाही. आमची वार्षिक देखभाल फी ६४० युरो आहे. यायचं असो वा नसो, भरायचीच. त्या दिवशी मी तलावात उतरलेच नाही.

डिसेंबरपासून फोन सुरू झाले. "तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक मिळालंय, ११,००० द्यायला तयार आहे, फक्त नोटरी आणि कराचे ९५० आधी भरा." माणसाला आमचा करार क्रमांक, सहीची तारीख, सगळं ठाऊक होतं. यादी कुठून बाहेर पडली ते तुम्हीच ठरवा. पुनर्विक्रीसाठीही विक्री पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायला त्याच निर्देशाने बंदी आहे, हे तोवर वाचलं होतं म्हणून वाचले. तेनेरिफमध्ये हा खेळ जुनाच. तिथे टाइमशेअरचं साम्राज्य उभारणाऱ्या जॉन पामर या ब्रिटिश माणसाला २००१ मध्ये लंडनच्या कोर्टाने याच फसवणुकीसाठी आठ वर्षांची शिक्षा दिली. जुना टाइमशेअर विकून देतो, पण त्याआधी आमचा नवा घ्या, ही त्याच्या लोकांची एक युक्ती होती. मेक्सिकोत तर असे फोन करणारी केंद्रं हालिस्कोचं ड्रग कार्टेल चालवतं. अमेरिकेच्या अर्थखात्याने जुलै २०२४ मध्ये बँकांना तसा इशाराच दिला. त्यातला आकडा: २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ६,००० अमेरिकनांचे जवळपास ३० कोटी डॉलर गेले. आपल्याला एकदा फसवता आलं, एवढीच माहिती या यादीत विकाऊ असते.

जानेवारीत देखभाल फीचं बिल आलं आणि मी पहिल्यांदा कराराची निळी फाइल जमिनीवर पसरून पान न् पान लावलं. सोबतच्या कागदांच्या यादीत "माघारीचा नमुना अर्ज" असं लिहिलेलं. अर्ज कुठेच नव्हता. त्या जागी रिसॉर्टच्या तलावाचं चकचकीत रंगीत पत्रक होतं.

हा अर्ज वेगळ्या कागदावर भरून देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दिला नाही तर माघारीची मुदत १४ दिवसांची राहत नाही, एक वर्ष आणि १४ दिवसांची होते. मधल्या काळात सुविधा वापरली असली तरी त्याचे पैसे ग्राहकाकडून मागता येत नाहीत. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या तिसऱ्या रात्री जे म्हणत होतो, ते अजून करता येतं?" एवढंच म्हणून झोपला, टोमणाही मारला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पॅनिश टपाल खात्याची बुरोफाक्स नावाची सेवा वापरून माघारीचं पत्र पाठवलं. त्यात पत्र पोचल्याचीच नाही, पत्रात काय लिहिलं होतं त्याचीही नोंद राहते. साधा ईमेल आधी केला होता, त्याला उत्तर म्हणून आम्हाला नव्या, वरच्या दर्जाच्या सदस्यत्वाच्या सादरीकरणाचं आमंत्रण आलं. बुरोफाक्सनंतर भाषा बदलली. आधी "गैरसमज", मग निम्म्या रकमेचा देकार. तो घेतलेला नाही. १,८०० युरोंसाठी बँकेकडे कार्डाची तक्रारही चालू आहे.

तेनेरिफच्या वकीलबाईंनी त्या दिवसाचे सगळे कागद मागवले, पार्किंगची चिठ्ठी असली तरी चालेल म्हणाल्या. ते तीन चांदण्यांचं कार्ड माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये होतं, नशीबवान ठरलो म्हणून जपून ठेवलेलं. त्यावर विक्रीचा उल्लेख कुठेही नाही हे त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासलं आणि दाव्याला जोडलं. पुरावा क्रमांक १.