मोकळा सोडायचा की दोरीवर? माळरानावर कुत्रा नेण्याआधी

सासवड, भोर, मुळशीकडे कुत्रा घेऊन फिरायला जाणारे ओळखीचे लोक मला एकच विचारतात: मोकळा सोडू की धरून नेऊ? माझं उत्तर आधीच सांगतो. बहुतेक कुत्र्यांसाठी १० मीटरची लांब दोरी, आणि पिशवीत एक आखूड लीश. मोकळं सोडण्याचा विचार त्यानंतर.

हे मी अनुभवाने शिकलो. ऑक्टोबरात सासवडच्या पुढे एका माळावर आमची चिकू मोकळी होती. सोसायटीच्या बागेत हाक मारली की ती ताटली सोडून येते, म्हणून मी निर्धास्त होतो. टेकाडामागून मेंढरांचा कळप वर आला, पुढची पाच-सहा बिचकून पळाली आणि चिकू त्यांच्या मागे. मी जीव तोडून ओरडलो, तिचा कानही हलला नाही. शेवटी धनगरांचा कुत्रा तिला आडवा आला तेव्हा थांबली. माफी मागायला गेलो तर मेंढरांमागच्या आजी म्हणाल्या, "चावली न्हाई हे खरं बाबा, पण पळवली की. गाभण हायेत त्या." घाबरून धावलेली मेंढी गाभडू शकते, हे मला तेव्हा कळलं. पावसाळा संपला की धनगर कळप घेऊन देशावरून कोकणाकडे निघतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. म्हणजे आपल्या फिरण्याचा हंगाम तोच त्यांच्या वाटचालीचा.

त्यामुळे मोकळं सोडायचंच असेल तर परीक्षा घरामागच्या बागेत घेऊ नका. कुत्रा लांब दोरीवर ठेवून, दूरवर शेळ्या दिसत असताना हाक मारा किंवा शिट्टी वाजवा. वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी, पहिल्याच हाकेला वळला तरच पुढचा विचार. कारवानी आणि मुधोळ ही शिकारी कुत्री नजरेने सावज धरणारी. बीगलचं नाक जमिनीला लागलं की हाक पोचत नाही. अशांना उघड्या माळावर मी तरी सोडणार नाही. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत कुणालाच नाही, कारण टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते आणि ती आपल्यालाही पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये लोकांना फिरायला खुल्या असलेल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटरच्या लीशवरच ठेवावा लागतो, तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठीच.

लांब दोरीचं बळ हे की कुत्र्याला हुंगायला, वळायला, पुढे जायला मिळतं आणि शेवटचा शब्द तुमच्या हातात राहतो. मात्र ती वापरायची रीत आहे. दोरी हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीलाच अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नको. दहा मीटर धावून बसलेला हिसका थेट मानेवर येतो. हाताला वेढे देऊ नका, सैल घड्या तळहातावर धरा. सुती दोरी ओली झाली की जड होते आणि कुसळं तिच्यात घट्ट रुततात, म्हणून नायलॉनची चपटी पट्टी बरी. तीही हातातून सरकली तर कातडी सोलवटते, तेव्हा पहिले काही दिवस हातमोजे घाला. करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीत दोरी अडकते. तिथे ती गोळा करून आखूड लीश लावायची.

आखूड लीश, पाच-सहा फुटांची, गावातून जाताना, रस्त्यालगत आणि कळप दिसताक्षणी. गावातली कुत्री आपापलं अंगण राखतात. ती भुंकत आली तर लीश ताणू नका, सैल ठेवून शांतपणे वळसा घाला. लीश ताणली की तुमचा कुत्राही ताठ होतो आणि भांडण तिथेच पेटतं. आपला कुत्रा कुणावर धावून गेला तर कायदाही आहेच: प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपोआप गुंडाळणारी लीश माळावर नकोच. बारीक दोरी बोटं कापते, सतत ताण राहिल्याने कुत्रा ओढायलाच शिकतो, आणि मूठ हातातून सुटली की तो प्लास्टिकचा डबा मागे खडखडत येतो, त्याने कुत्रा आणखी बिथरतो. शॉक देणारा पट्टाही मी वापरत नाही. मेंढी दिसली की दुखतं, एवढंच कुत्रा शिकला तर तो मेंढीवरच चिडू शकतो.

अभयारण्यात यातलं काहीच चालत नाही. सुप्याच्या मयूरेश्वरला चिंकारा पाहायला जायचं असेल तर कुत्रा घरी ठेवून जा.

एका प्रसंगी मात्र दोरी सोडायची. वासरू जवळ असलेली गाय किंवा म्हैस कुत्र्यावर चालून आली, तर दोरी घट्ट धरून उभं राहू नका. तिचा राग कुत्र्यावर असतो आणि तुम्ही मध्ये सापडता. हात उघडा. कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने पळतो. तुम्ही बाजूला व्हा, आणि तो परत आला की आखूड लीश लावून तिथून निघा.