लंडनची कंपनी, देवगडचे चार लाख

माझ्या ताईच्या मुलाला बोटीवर लावतो म्हणून सांगून चार लाख रुपये घेतले आणि ती माणसं गायब झाली. देवगड, मालवण, रत्नागिरीकडची कितीतरी पोरं सीडीसी (नाविकाचं सरकारी ओळखपुस्तक) काढून जहाजाची वाट बघत घरी बसलेली असतात. त्यांच्या आईबापांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

भाच्याचा जहाजावर जायच्या आधी लागणारा एसटीसीडब्ल्यूचा कोर्स झाला होता, सीडीसी हातात होती. नवी मुंबईतल्या एजंटाचा नंबर वाडीतल्याच ओळखीतून आला. त्याने ऑफर लेटर पाठवलं ते लंडनच्या एका शिप मॅनेजमेंट कंपनीचं. त्यावर कंपनीचा नोंदणी क्रमांक छापलेला. तो मी ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर टाकला. कंपनी खरंच नोंदलेली होती. संचालकाचं नाव, लंडनचा पत्ता, सगळं लेटरशी जुळत होतं. भावोजी म्हणाले, "सरकारी कागद लंडनचो हा, खोटो कसो असतलो?" ताईचे दागिने पतपेढीत गहाण पडले, हापूसच्या कलमांच्या करारावर आगाऊ उचल घेतली. आधी प्रोसेसिंग, मग मेडिकल, मग व्हिसा, मग तिकीट, असे हप्त्याहप्त्याने पैसे गेले. जॉइनिंगचा दिवस जवळ आला तसा फोन बंद झाला.

एजंटाच्या गोड बोलण्यावर आमच्या घरातलं कोणी भुललं नव्हतं. आम्ही भरवसा ठेवला तो एका कायद्याने चालणाऱ्या देशाच्या नोंदवहीवर, आणि टोळीने नेमकी तीच ढाल विकत घेतली होती. तीही किती स्वस्तात! ब्रिटनमध्ये ऑनलाइन कंपनी नोंदवायला एप्रिल २०२४ पर्यंत फक्त बारा पौंड लागायचे. लिहून दिलेली माहिती बहुतेक तशीच नोंदली जायची. संचालकाने स्वतःची ओळख पटवणं सक्तीचं झालं ते १८ नोव्हेंबर २०२५ पासून. आमच्या 'कंपनी'च्या पत्त्यावर आणखी शेकडो कंपन्या आहेत, तिथे नुसतं टपाल घेतलं जातं, हे मला नंतर समजलं. २०१४ मध्ये पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा देशाच्या तीन बँकांतून सुमारे शंभर कोटी डॉलर काढून नेले, त्या पैशांच्या वाटेवरही ब्रिटनच्याच स्कॉटलंडमध्ये नोंदलेल्या भागीदारी संस्था होत्या.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. टोळ्या जिथे कायदा ढिला तिथेच जात असतील असं आपल्याला वाटतं. पण पैसा मुरवायला त्यांना पक्क्या कायद्याचा देश लागतो, कारण तिथे घेतलेलं घर कोणी हिसकावत नाही, तिथल्या बँकेचा शिक्का जगात चालतो आणि वकील, हिशेबनीस फी घेऊन कागद रंगवून देतात. ऑगस्ट २०२३ मध्ये शिस्तीसाठी नावाजलेल्या सिंगापूरमध्ये दहा परदेशी माणसं पकडली. बंगले, गाड्या, सोनं, बँकेतल्या ठेवी धरून जप्ती तीनशे कोटी सिंगापूर डॉलरवर गेली. अनेकांकडे वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट होते.

इटलीची गोष्ट मला त्याहून जास्त बोचली. १९५६ च्या कायद्याने तिथे संशयित माफियांना गावाबाहेर, दूरवर सक्तीने राहायला पाठवत. दक्षिणेतल्या कालाब्रियाची 'न्द्रांगेटा ही माफिया टोळी उत्तरेला पोचायला जी कारणं झाली, त्यातलं हे एक. फ्रान्सच्या सीमेजवळच्या बार्दोनेक्कियात तेव्हा पर्यटकांसाठी घरांची बांधकामं जोरात होती. ठेकेदारांना स्वस्त, कुरकुर न करणारे मजूर हवे होते आणि ते पुरवायला टोळी तयार होती. गावातल्यांनी आपला फायदा बघितला आणि दार उघडलं. १९९५ मध्ये माफियाच्या शिरकावामुळे तिथली नगरपरिषदच बरखास्त करावी लागली, उत्तर इटलीतली ती पहिली. पुढे १५ ऑगस्ट २००७ ला जर्मनीच्या डुइसबुर्गमध्ये एका इटालियन रेस्टॉरंटबाहेर सहा जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे जर्मनीतल्या सामान्य माणसाला हे लोक आपल्या शेजारी राहतात हे कळलं.

कोकणाला हे नवीन वाटू नये. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं. समुद्र सगळ्यांनाच मोकळा आहे, पण तो माल रस्त्याने मुंबईला पोचला तो कस्टम आणि पोलिसांतल्या काही जणांनी पैसे खाल्ले म्हणून. टाडा न्यायालयाने त्यांना पुढे दोषी ठरवलं.

आमच्या प्रकरणातही तसंच निघालं. पैसे लंडनला गेलेच नाहीत. ते इथल्याच, वेगवेगळ्या माणसांच्या खात्यांत गेले आणि काही तासांत पुढे वळवले गेले. त्यातलं एक खातं आपल्याच जिल्ह्यातल्या एका बेकार पोराचं. महिन्याला थोडे पैसे मिळतील म्हणून त्याने पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड कोणाला तरी देऊन टाकलं होतं. आता तो आरोपी आहे. ताईचे दागिने गेले त्याचा राग आहेच, पण या पोराच्या आईचा विचार मनातून जात नाही. तुमच्या गावात कोणी "खातं भाड्याने दे" म्हणत फिरत असेल तर त्याला घरात घेऊ नका, आणि पोरांना आजच बसवून समजवा.

जहाजाच्या नोकरीसाठी परदेशी कंपनीचा कागद बघत बसू नका. इथल्या एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचा सरकारी परवाना आहे का, तो चालू आहे का, हे मुंबईच्या डीजी शिपिंग या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर बघा. नाविकाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेटचा खर्च आपला असू शकतो, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा असतो. त्यामुळे व्हिसाचे पैसे मागितले की तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. गावात अब्रू जाईल म्हणून आमच्या घरी दोन दिवस खल चालला आणि तेवढ्यात बहुतेक रक्कम खात्यांतून निघून गेली होती. चॅट पुसू नका, पैसे भरल्याच्या पावत्या आणि समोरच्याचे खाते क्रमांक जपून ठेवा. पोलिसांनी आमच्याकडे सगळ्यात आधी तेच मागितलं.