१९११ पिस्तुलाच्या मॅगझिनना पॉलिश: एका मोसमाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. माझ्या .४५ च्या १९११ पिस्तुलाची जी मॅगझिन (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या) गोळी चेंबरपर्यंत, म्हणजे ती उडते त्या जागेपर्यंत, नीट पोचवत नव्हती, ती मी घासून आणि पॉलिश करून घेतली. त्यांच्यावर ओहायोतला अख्खा मोसम काढला: उन्हाळ्यातले मैदानी सामने आणि थंडीतली इनडोअर लीग. बहुतेक मॅगझिन सुधारली. काही सुधारली नाहीत, आणि ती का सुधारली नाहीत हे कळल्यावर बाकीच्यांवर काय काम करायचं तेही नीट कळलं.

मी बुल्सआय हा पिस्तूल नेमबाजीचा प्रकार खेळतो. पिस्तूल एका हातात धरून ५० यार्डांवर १० मिनिटांत १० गोळ्या, मग २५ यार्डांवर २० सेकंदांत ५ आणि त्यानंतर १० सेकंदांत ५. .२२, सेंटरफायर (तळाच्या मध्यावर ठिणगीची टोपी असलेलं काडतूस) आणि .४५ अशा तीन टप्प्यांचे प्रत्येकी ९००, एकूण २७०० गुण. लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात, तिथे हा खेळ पाहिला की त्याचं वेड लागतंच. १० सेकंदांच्या फेरीत तिसरी गोळी अडकली तर हात वर करून पुन्हा संधी मागता येते. पण पुढची फेरी खेळताना अर्धं लक्ष 'आता पुन्हा अडकेल का' यातच राहतं. माझ्या गुणांचं नुकसान अडकलेल्या गोळीपेक्षा या धास्तीने जास्त केलं.

१९११ हे तर सैन्याने वापरलेलं, चिखलातही चालणारं म्हणून नावाजलेलं पिस्तूल, मग ते अडकतं कसं? जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारली ती २३० ग्रेन वजनाच्या, गोल नाकाच्या, धातूचं आवरण असलेल्या गोळीसाठी. आम्ही बुल्सआयवाले तिच्यात २०० ग्रेनची शिशाची सेमीवॉडकटर गोळी घालतो. तिचं नाक चपटं, खांदा धारदार, आणि वर बारुदही कमी, कारण एका हाताला झटका कमी बसायला हवा. बारुद कमी केलं की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जावी म्हणून तिला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंगही हलकी लावावी लागते. नेहमीची १६ पौंडांची असते, माझी १२ ची आहे. पण मॅगझिनमधून गोळी ओढून चेंबरमध्ये ढकलण्याचं काम त्याच स्प्रिंगला करायचं असतं. जोरदार स्प्रिंग मॅगझिनमधली खरखर रेटून नेते. हलकी स्प्रिंग नेत नाही, स्लाइड अर्ध्या वाटेत थांबते. पॉलिशचा उपयोग नेमका इथे होतो. पूर्ण ताकदीच्या लष्करी गोळ्या मारणाऱ्याला हा फरक जाणवेल असं मला वाटत नाही.

दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगाने नंबर टाका आणि प्रत्येक अडकणं नंबरासकट वहीत लिहा. त्रास सगळ्या नंबरांवर सारखा पसरलेला असेल तर मॅगझिन घासून काही हाती लागणार नाही. एक्स्ट्रॅक्टरचा (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा) ताण, चेंबर, फीड रॅम्प (गोळी चेंबरकडे चढते तो उतार), गोळीची एकूण लांबी हे तपासा. .४५ एसीपी काडतुसाची कमाल लांबी १.२७५ इंच असते, माझी सेमीवॉडकटर मी १.२५० च्या आसपास बसवतो. त्रास दोन-तीनच नंबरांना चिकटलेला असेल तर दोष मॅगझिनमध्ये आहे. माझ्या वहीत ते स्पष्ट दिसलं. गन शोमध्ये घेतलेल्या जुन्या, सात गोळ्यांच्या लष्करी धाटणीच्या मॅगझिनचेच नंबर पुन्हा पुन्हा येत होते.

यानंतर न उडवलेली काडतुसं पाहिली. डमी राउंड (बारूद आणि प्रायमर, म्हणजे ठिणगीची टोपी, नसलेले) भरून स्लाइड हाताने चालवली आणि बाहेर आलेल्या पितळेवर भिंग धरलं. दोन्ही बाजूंना लांबच लांब ओरखडे, आणि मॅगझिनच्या तोंडाशी पितळेचा बारीक चुरा. वरच्या वळवलेल्या दोन कडांना, म्हणजे फीड लिप्सना, आतून बर होती. पत्रा कापताना राहिलेली ही धातूची बारीक धार पुढे कुणी काढलीच नव्हती. मॅगझिनच्या नळीच्या मागच्या बाजूला जिथे जोड वेल्ड केलेला असतो तिथेही आतून उंचवटा हाताला लागत होता. गोळ्यांची रास वर चढताना तिथेच रेंगाळत होती.

काम असं केलं. मॅगझिन पूर्ण सुटं केलं आणि स्प्रिंग, फॉलोअर (गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी), नळी सॉल्व्हंटने धुतली. नळीच्या आत आणि लिप्सवर मार्करची शाई लावली, मॅगझिन जोडून डमी राउंड अनेकदा आत-बाहेर केले आणि शाई कुठे निघाली ते पाहिलं. घासायचं फक्त तिथे. लाकडी पट्टीला ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून गोळी सरकते त्या दिशेने, मग १०००, मग २०००. आडवं घासू नका, उरलेल्या रेघा गोळीच्या वाटेत आडव्या येतात. शेवटी फेल्टवर थोडी मेटल पॉलिश पेस्ट. फॉलोअरच्या कडांनाही हेच केलं, कारण त्या नळीला आतून घासतात. पेस्टचा कण आत राहू देऊ नका, तो घासकामच करत राहतो. पुन्हा धुवा आणि पूर्ण कोरडं करा.

लिप्सच्या बाबतीत एक सांगणं अगदी कळकळीचं आहे. तिथे कानस नको, फिरतं पॉवर टूल तर नकोच. मूळ लष्करी मॅगझिनमधली लिप्समधली फट पुढे रुंद होत जाते, त्यामुळे गोळी हळूहळू सुटते आणि तिचा मागचा काठ एक्स्ट्रॅक्टरखाली नीट सरकतो. वॉडकटरसाठीच्या मॅगझिनमध्ये लिप्स बऱ्याच समांतर असतात आणि गोळी लवकर, एकदम सुटते. लिपचा किंचित भाग जरी खाल्ला तरी गोळी सुटण्याची वेळ बदलते, आणि खाल्लेला पत्रा परत येत नाही. हातात वॉटर पेपर असला की 'अजून थोडं' असं वाटतच राहतं. बर गेली, बोट फिरवल्यावर टोचत नाही, एवढ्यावर थांबा. मॅगझिन कॅच (मॅगझिन जागेवर धरणारी कडी) अडकतो त्या खाचेलाही हात लावू नका, तिथूनच मॅगझिनची उंची ठरते.

ज्यांच्यात नुसती बर किंवा वेल्डचा उंचवटा होता त्या मॅगझिनमधलं अडकणं पहिल्या सरावापासून थांबलं. शिशाच्या मेणकट गोळ्यांनी आतला भाग चिकट झाला तरीही ती अडकत नाहीत. पितळेवरचे ओरखडे जवळजवळ गेले, आणि तीच पितळी केस पुन्हा पुन्हा भरणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. बाहेरून हलकं पॉलिश केल्यामुळे बटण दाबताच रिकामं मॅगझिन आपसूक खाली पडतं, हा वरचा फायदा.

दोन मॅगझिनमध्ये मात्र शेवटची गोळी नाक खाली घालतच राहिली. पॉलिशनंतरही काही फरक नाही. दोन्हींत मॅगझिनची नवी स्प्रिंग टाकली आणि त्रास संपला. म्हणजे जुनी स्प्रिंग ताण गमावून बसली होती, स्लाइड पुढे येईपर्यंत ती गोळी वर आणत नव्हती. म्हणून आता माझा क्रम उलटा आहे: आधी नवी स्प्रिंग, तरीही त्रास राहिला तर वॉटर पेपर. आणखी एकाच्या लिप्स पसरल्या होत्या. व्हर्निअर कॅलिपरने मोजल्यावर चांगल्या मॅगझिनच्या तुलनेत फट उघडच जास्त भरली. ते वाकवून ठीक करता येतं, असं करणारे लोक आहेत. पण लिपच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली, म्हणून मी ते ठोकून चपटं करून टाकलं, चुकून कुणाच्या हाती जायला नको.

देखभालीचं एक काम मात्र वाढतं. काळ्या फिनिशच्या मॅगझिनवर घासलेली जागा उघडी पडते आणि ओहायोच्या दमट उन्हाळ्यात तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात. बाहेरून कोल्ड ब्लू (धातू काळा करणारं द्रावण) लावला. आतून तेलाचा हात फिरवून कापडाने पूर्ण पुसून घेतो. आत ओलं तेल ठेवू नका, बारुदाची काजळी त्यात मुरते आणि तेल प्रायमरपर्यंत पोचलं तर गोळी न उडण्याची भीती. स्टेनलेसच्या मॅगझिनना हा व्याप जवळजवळ नाही. नवी घ्यायची असतील तर मी तीच घेईन.

महाराष्ट्रातल्या नेमबाजांसाठी थोडं वेगळं. .४५ रिमलेस (मागे बाहेर आलेली कड नसलेलं) काडतूस चालवणारं पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडतं, तेव्हा तिथे हा प्रश्न .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलाचा. २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं तो हाच प्रकार, पाच-पाच गोळ्यांच्या मालिकांचा. .२२ च्या काडतुसाला मागे रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असते. वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिममागे गेली तर पॉलिश कितीही चांगलं असो, गोळी पुढे जाणार नाही. म्हणून भरतानाच प्रत्येक गोळीची रिम खालच्या रिमच्या पुढे बसली आहे ना, हे बोटाने पाहा. मेणाचा थर दर सरावानंतर पुसा. त्यानंतरही अडकलं तर मॅगझिन परवानाधारक आर्मोररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या आणि नंबर लिहिलेली वही सोबत ठेवा, म्हणजे त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.