वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज: थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल की टर्बाइन?

भट्टीच्या धुरांड्यातून किंवा इंजिनाच्या एक्झॉस्टमधून रात्रंदिवस उष्णता निघून जाताना दिसली की तिची वीज करावी असं वाटणारच. चौकशी केली की दोन नावं पुढे येतात: थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल आणि सेंद्रिय रँकिन चक्र, म्हणजे ओआरसी. माझं मत आधीच सांगतो. काही वॅटपासून काहीशे वॅटपर्यंत वीज हवी असेल तर मॉड्यूल, दहा-वीस किलोवॅटच्या पुढे ओआरसी. आणि उष्णता उष्णता म्हणूनच वापरता येत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवा.

ओआरसीचं तत्त्व वाफेच्या टर्बाइनचंच आहे, फक्त पाण्याऐवजी पेंटेनसारखा कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात. मिळालेल्या उष्णतेतली साधारण दहा ते वीस टक्के वीज होते. मात्र त्यात पंप, कंडेन्सर, सील, फिरणारे भाग असं सगळं येतं आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूसही लागतो. पंप आणि पंखे यांची वीज त्यातूनच वजा होते. शिवाय पेंटेन ज्वलनशील असल्याने गळतीची काळजी वेगळी.

मॉड्यूलमध्ये हलणारं काहीच नाही. एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली की अर्धवाहकाच्या जोड्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. हा सीबेक परिणाम 1821पासून ठाऊक आहे. दुरुस्तीला कोणी जाऊच शकत नाही अशा ठिकाणी तो अतुलनीय आहे. 1977 साली निघालेली दोन्ही व्हॉयेजर यानं प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या अशाच जनित्रांवर कित्येक दशकं चालत आली आहेत. त्या कामगिरीपुढे मला आजही नतमस्तक व्हावंसं वाटतं.

पण कार्यक्षमतेचा आकडा लहान आहे. गरम बाजू 250 अंश सेल्सियस आणि थंड बाजू 50 अंश धरली, तर कार्नोची मर्यादा, म्हणजे या दोन तापमानांमध्ये कोणतंही यंत्र ओलांडू शकत नाही अशी कमाल कार्यक्षमता, 38 टक्के येते. बाजारात सहज मिळणारं बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचं मॉड्यूल प्रत्यक्षात मिळालेल्या उष्णतेतली सुमारे पाचच टक्के वीज काढतं. चार बाय चार सेंटीमीटरच्या एका मॉड्यूलमधून पाच वॅट हवे असतील, तर त्यातून शंभर वॅट उष्णता वाहिली पाहिजे आणि उरलेले 95 वॅट थंड बाजूने सतत काढून घेतले पाहिजेत. चार किलोवॅटसाठी अशी आठशे मॉड्यूल लागतील.

बहुतेक प्रयोग फसतात ते या थंड बाजूपाशी. वायू 250 अंशांचा आहे म्हणून मॉड्यूलचा पृष्ठभागही 250 अंशांचा होईल असं नाही. वायूकडून धातूकडे उष्णता जाताना बरंचसं तापमान वाटेतच खर्च होतं. हीट सिंक, म्हणजे थंड बाजूची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग, छोटा पडला तर थंड बाजूही तापत जाते. निर्मिती तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून फरक निम्मा झाला की वीज चौथाईवर येते. पाण्याने थंड करणं जमत असेल तर तेच करा, मात्र पंपाला लागणारी वीज हिशेबात धरा. एक्झॉस्टमधले उष्णता गोळा करणारे पंख फार दाट बसवले तर इंजिनावर उलटा दाब येतो आणि काजळीही साचते.

आता तिसरा पर्याय, ज्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. धुरातल्या शंभर किलोवॅट उष्णतेपैकी साठ किलोवॅट बॉयलरचं पाणी किंवा भट्टीची हवा आधीच तापवायला वापरता आली, तर तेवढ्या उष्णतेचं इंधन थेट वाचतं. त्याच शंभर किलोवॅटमधून मॉड्यूलना फार तर पाच किलोवॅट वीज काढता येईल. वीज ही अधिक मोलाची ऊर्जा आहे हे मान्य करूनही ही तफावत मोठी आहे. एक पथ्य मात्र पाळा: इंधनात गंधक असेल तर धूर फार थंड करू नका, नाहीतर सल्फ्युरिक आम्ल द्रवरूपात जमून नळ्या खाल्ल्या जातात.

आडबाजूच्या पाइपलाइनवर सेन्सर चालवायचा असेल किंवा लाकडाच्या शेगडीवर छोटा पंखा फिरवायचा असेल, तर मॉड्यूल बिनधास्त घ्या. फक्त वीजनिर्मितीसाठीचंच मागा. थंड करण्यासाठी विकलं जाणारं पेल्टियर मॉड्यूल दिसायला तसंच असतं, पण त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलमधलं डाख 138 अंशांना वितळतं. माहितीपत्रकात गरम बाजूची कमाल मर्यादा पाहा आणि आपल्या धुराचं तापमान पूर्ण भाराला कुठपर्यंत चढतं ते मोजून मगच मागणी नोंदवा.